ईमेलने पाठवलेला पॅच 'करप्ट' येतो? माझा अनुभव

लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) कोडमध्ये बदल सुचवायला वेबवरची पुल रिक्वेस्ट (बदल घ्या अशी विनंती) चालत नाही, पॅच म्हणजे बदलांचा मजकूर ईमेलनेच पाठवावा लागतो. माझा पॅच समोरच्याकडे 'गिट एएम'ने (मेलमधला पॅच कोडवर चढवणारी गिटची कमांड) लागेचना. 'करप्ट पॅच' एवढंच उत्तर. नागपुरात मे महिन्यात कूलरपुढे बसूनही डोकं तापलं. वेबमेलमध्ये चिकटवलं की टॅबच्या जागी स्पेस येतात, लांब ओळी तुटतात, ही खरी भानगड.

म्हणून पॅच थेट गिटमधूनच पाठवायचं ठरवलं; त्यासाठी उबुंटूवर 'गिट-ईमेल' पॅकेज वेगळं टाकावं लागतं. मग मेल खात्याचा ॲप पासवर्ड, म्हणजे अशा प्रोग्रामसाठीचा वेगळा पासवर्ड, काढला (त्यासाठी आधी टू-स्टेप पडताळणी चालू हवी), गिटच्या सेटिंगमध्ये एसएमटीपी (मेल पाठवणारा) सर्व्हर, पोर्ट 587, टीएलएस (एन्क्रिप्शन) भरलं. 'फॉरमॅट-पॅच'ने पॅचची फाईल बनवली, त्यावर 'चेकपॅच' (कर्नलची शैली तपासणारी स्क्रिप्ट) चालवलं, मग 'सेंड-ईमेल'ने आधी स्वतःलाच पाठवला. तो मेल मूळ स्वरूपात सेव्ह करून नव्या ब्रँचवर 'गिट एएम' चालवलं. बिनबोभाट लागला, तेव्हाच 'गेट-मेंटेनर'ने (पॅच कुणाला पाठवायचा ते सांगणारी कर्नलची स्क्रिप्ट) दिलेल्या पत्त्यांवर पाठवला.