निर्जल द्रव डिटर्जंटमध्ये ब्लीच टिकवायचे असेल, तर आधी पाण्याचा हिशेब मांडावा

घरात ब्लीच म्हटले की फरशीसाठी वापरले जाणारे सोडियम हायपोक्लोराइट डोळ्यांसमोर येते. ते द्रावण मुळात पाण्यातच असल्यामुळे निर्जल डिटर्जंटमध्ये त्याला जागा नाही, आणि क्लोरीन देणाऱ्या भुकट्या सेंद्रिय द्रवात मिसळणे धोक्याचे आहे. येथे ब्लीच म्हणजे ऑक्सिजन देणारे ब्लीच, म्हणजेच सोडियम परकार्बोनेट. कपडे धुण्याच्या भुकटीत ऑक्सिजन ब्लीच घालण्याची पद्धत जुनी आहे. १९०७ साली जर्मनीतील हेंकेल कंपनीने बाजारात आणलेल्या पर्सिलमध्ये याच कुळातील परबोरेट होते. द्रव डिटर्जंटमध्ये मात्र ते टिकत नाही, कारण बहुतेक द्रव डिटर्जंट पाण्यात बनतात. त्यावरचा एक उपाय म्हणजे पाणी काढून टाकून परकार्बोनेटचे कण सेंद्रिय द्रवात तरंगत ठेवणे. प्रयोगशाळेत किंवा लहान कारखान्यात असे मिश्रण बसवू पाहणाऱ्यांसाठी ही माहिती आहे.

परकार्बोनेट म्हणजे सोडियम कार्बोनेटच्या स्फटिकात धरून ठेवलेले हायड्रोजन पेरॉक्साइड. शुद्ध पदार्थात सक्रिय ऑक्सिजन, म्हणजे ब्लीचच्या कामी येणारा ऑक्सिजन, सुमारे १५.३ टक्के असतो, तर बाजारातील लेपित मालात साधारण १३ ते १४ टक्के. ओलावा लागला की कणातील पेरॉक्साइड सुटे होते आणि त्याचे विघटन होऊन ऑक्सिजन, पाणी व उष्णता निर्माण होतात. यातील पाणी हा खरा डोकेदुखीचा भाग आहे. १०० ग्रॅम परकार्बोनेट पूर्ण विघटित झाले, तर सुमारे १५ ग्रॅम पाणी तयार होते, आणि हे नवे पाणी शेजारच्या कणाला भिडते. त्यामुळे विघटन एकदा सुरू झाले की ते स्वतःला लागणारे पाणी स्वतःच पुरवते. म्हणून महागडे स्थिरक शोधत बसण्यापूर्वी मिश्रणात सुरुवातीचे पाणी कोठून येते, ते कागदावर मांडावे.

हा ताळेबंद डोळे उघडणारा असतो. एक किलो मिश्रण आहे असे धरू. त्यात ४५० ग्रॅम अल्कोहोल इथॉक्सिलेट (मळ सोडवणारा द्रव घटक) घेतले आणि ते हाताळायला सोपे म्हणून मिळणाऱ्या ९० टक्के प्रतीचे निघाले, तर ४५ ग्रॅम पाणी तेथेच आले. १०० ग्रॅम झिओलाइट (पाण्याचा कठीणपणा कमी करणारी भुकटी) घातले, तर डिटर्जंट प्रतीच्या मालात साधारण पाचवा हिस्सा पाणी असते, म्हणजे आणखी २० ग्रॅम. त्याच कामासाठी वापरले जाणारे नेहमीचे सोडियम सायट्रेट डायहायड्रेट असते. त्याच्या १०० ग्रॅममध्ये १२ ग्रॅम पाणी स्फटिकातच बसलेले असते. एचईडीपी हा फॉस्फोनेट (धातूंना धरून ठेवणारे रसायन) ६० टक्क्यांच्या द्रावणाच्या रूपात घेतला, तर १५ ग्रॅममागे ६ ग्रॅम पाणी येते. ८० ग्रॅम ॲसिड स्लरी (डिटर्जंटचा आम्लरूप मूळ घटक) ५० टक्के कॉस्टिक लायने, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने, उदासीन केली, तर लायमधले १० ग्रॅम आणि अभिक्रियेतून तयार झालेले साडेचार ग्रॅम पाणी यांची भर पडते. बेरीज ९७ ग्रॅमच्या पुढे जाते. पाण्याचा एक थेंबही वेगळा न घालता मिश्रणाचा जवळजवळ दहावा भाग पाणी झाला, आणि पिंपावरची चिठ्ठी मात्र ‘निर्जल’ म्हणते!

या प्रत्येक नोंदीला पर्याय आहे. इथॉक्सिलेट १०० टक्के सक्रिय प्रतीचे मागवावे. ॲसिड स्लरीऐवजी वाळवलेले सोडियम लास (त्याच स्लरीचा उदासीन सोडियम क्षार) भुकटीच्या रूपात वापरावे. स्लरी सोडा ॲशने (निर्जल सोडियम कार्बोनेटने) उदासीन केली तरी पाणी सुटतेच. मोनोइथॅनॉलअमाइनने पाणी सुटत नाही हे खरे, पण उरलेले अमाइन पुढे ब्लीचच्या सक्रियकाशी (थंड पाण्यात ब्लीचला कामाला लावणाऱ्या घटकाशी) भांडते, म्हणून मला भुकटीचा मार्ग अधिक निर्धोक वाटतो. उदासीन न केलेली स्लरी परकार्बोनेटच्या संपर्कात कधीही येऊ देऊ नये. आम्ल कार्बोनेटवर तुटून पडते आणि कार्बन डायऑक्साइडचा फेस, पाणी व सुटे पेरॉक्साइड एकदमच मिळतात. फॉस्फोनेटचा सोडियम क्षार भुकटीत घ्यावा. झिओलाइट व सायट्रेट वगळून त्यांच्या जागी वाळवलेला हलका सोडा ॲश घालावा. त्याचा दुहेरी फायदा असतो: १०६ ग्रॅम सोडा ॲश १८ ग्रॅम पाणी घेऊन मोनोहायड्रेट बनतो आणि नेहमीच्या साठवणीच्या तापमानाला ते पाणी सोडत नाही. निर्जल सोडियम सल्फेट स्वस्त असले तरी या कामाला लावू नये. त्याचा जलयुक्त स्फटिक ३२.४ अंश सेल्सिअसला पाणी सोडतो, आणि आपल्याकडचे पत्र्याच्या छपराचे गोदाम हे तापमान फेब्रुवारी-मार्चमध्येच ओलांडते. एकूण मोकळे, म्हणजे घट्ट बांधले न गेलेले, पाणी एक टक्क्याच्या आत आणता येत नसेल, तर पुढच्या कामात हात घालू नये, असे माझे मत आहे.

पाणी मोजण्यासाठी कार्ल फिशर पद्धत (पाण्याशीच अभिक्रिया करणाऱ्या रसायनाने केलेले टायट्रेशन) योग्य आहे, पण ती कोठे लावायची हे महत्त्वाचे. पेरॉक्साइड आणि कार्बोनेट दोन्ही तिच्या अभिक्रियेत ढवळाढवळ करतात. म्हणून फक्त द्रव भाग, कोणतीही भुकटी घालण्यापूर्वी तपासावा आणि भुकट्यांचे पाणी त्यांच्या रचनेवरून किंवा वाळवून झालेल्या वजनघटीवरून काढावे.

द्रवाची निवड करताना केवळ कोरडेपणा पाहून चालत नाही. ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल असे ध्रुवीय द्रव हवेतील ओलावा ओढतात, आणि शिवाय ते स्वतःच कणातील पेरॉक्साइड थोडे थोडे विरघळवून बाहेर काढतात. कणाबाहेर आलेले पेरॉक्साइड टिकत नाही. त्यामुळे इथॉक्सिलेटच्या जोडीला ब्युटिल कार्बिटॉलसारखा कमी ध्रुवीय ग्लायकॉल इथर घ्यावा. त्याने मिश्रण पातळ राहते, आणि धुण्याच्या पाण्यात पडल्यावर इथॉक्सिलेटचा जेलसारखा गोळाही होत नाही. इथॉक्सिलेट व इथर हवेतील ऑक्सिजनने हळूहळू खराब होतात, म्हणून अत्यल्प बीएचटी हे ऑक्सिडीकरण रोखणारे रसायन घालणे चांगले.

आता कणांकडे वळू. परकार्बोनेटची घनता सुमारे २.१ आणि द्रवाची १ च्या आसपास, त्यामुळे ते तळाला बसू पाहते. कण बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गानुसार बदलतो. ५०० मायक्रॉनचा कण ५० मायक्रॉनपर्यंत दळला, तर तो शंभरपट सावकाश बसेल. हे गणित मोहात पाडणारे आहे, पण दळताना सल्फेट, कार्बोनेट किंवा सिलिकेटचा संरक्षक लेप फुटतो आणि उघडा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो. दळलेला माल पहिल्या दिवशी सुंदर दिसतो आणि काही आठवड्यांत बाटली फुगवतो. माझा कल लेपित कण तसाच ठेवून द्रवाला बांधणी देण्याकडे आहे. फ्यूम्ड सिलिका किंवा हायड्रोजनेटेड कॅस्टर ऑइल अल्प प्रमाणात घातले, तर स्थिर असताना मिश्रण घट्ट राहते आणि ओतताना सैल होते. सिलिकेच्या पृष्ठभागावर हवेतला ओलावा चिकटलेला असतो, म्हणून ती १०५ अंशांवर वाळवून, बंद डब्यात थंड करून घ्यावी. कॅस्टर ऑइल गरम करून विरघळवावे लागते. ते काम परकार्बोनेट घालण्याच्या कितीतरी आधी उरकावे.

पाण्याखालोखाल शत्रू म्हणजे लोह, तांबे आणि मँगनीज. हे धातू अत्यल्प मात्रेतही पेरॉक्साइडचे विघटन वेगाने घडवतात. साध्या लोखंडी पिंपात किंवा पितळी नळ असलेल्या टाकीत हे काम करू नये. ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील नायट्रिक आम्लाने निष्क्रिय करून किंवा चांगले प्लॅस्टिक वापरावे. सोडा ॲशच्या गोणीतला गंजाचा एखादा तुकडाही पुरेसा असतो. मिश्रणात एक टक्क्याच्या आसपास फॉस्फोनेट ठेवावा. धातू धरणारे दुसरे रसायन ईडीटीए स्वस्त पडते, पण लोहाला धरूनही ते त्याची उत्प्रेरक शक्ती पूर्ण मारत नाही, म्हणून येथे त्यावर विसंबू नये.

मिसळण्याचा क्रम असा ठेवावा की परकार्बोनेट सर्वांत शेवटी येईल. प्रथम इथॉक्सिलेट, इथर आणि बांधणीचा घटक एकजीव करावेत, मग वाळवलेला सोडा ॲश, लास भुकटी व फॉस्फोनेट घालून मिश्रण एक रात्र झाकून ठेवावे. या अवधीत सोडा ॲश द्रवातले उरलेसुरले पाणी शोषून घेतो. दुसऱ्या दिवशी तापमान ३० अंशांखाली असल्याची खात्री करून परकार्बोनेट हळूहळू, कण न चिरडणाऱ्या संथ गतीच्या पात्यांनी मिसळावे. जुलै महिन्यात कोकण किनाऱ्यावर हवेची आर्द्रता सहज ८० टक्क्यांवर जाते. अशा वेळी भुकट्यांची पोती उघडी ठेवून काम करण्यापेक्षा खोलीतली हवा कोरडी करून घ्यावी किंवा ती बॅच पुढे ढकलावी.

परकार्बोनेट एकटे साधारण ६० अंशांच्या पुढेच चांगले काम करते, म्हणून थंड धुलाईसाठी टीएईडी हा सक्रियक जोडीला देतात. तो धुण्याच्या पाण्यात पेरॉक्साइडशी अभिक्रिया करून पेरॲसिटिक आम्ल तयार करतो. हीच अभिक्रिया बाटलीतल्या ओलाव्यात सुरू झाली तर दोन्ही घटक वाया जातात; त्यामुळे टीएईडी लेपित दाण्यांतच घ्यावे. एन्झाइमही दाण्यांत बंदिस्त हवे. पांढरेपणासाठी सीबीएस-एक्स जातीचा ब्राइटनर ब्लीचपुढे टिकतो. रंग मात्र घालूच नये, ब्लीच तो खाऊन टाकते.

तपासणीसाठी नमुने ३० आणि ४० अंशांवर ठेवावेत. सक्रिय ऑक्सिजन काढण्यासाठी नमुना आम्लयुक्त पाण्यात विरघळवून, पोटॅशियम आयोडाइड व थोडे अमोनियम मॉलिब्डेट घालून, ०.१ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेशन करावे. प्रत्येक मिलिलिटरला ०.८ मिलिग्रॅम सक्रिय ऑक्सिजन धरावा. परमँगनेट येथे टाळावे, कारण ते सेंद्रिय द्रवावरही खर्च होते. तरीही तरंगत्या कणांच्या मिश्रणातून दर वेळी सारखा नमुना उचलणे कठीण असते आणि एक-दोन टक्क्यांची घट त्या चुकीत हरवून जाते. त्यासाठी वायू मोजावा. ५० ग्रॅम मिश्रणात १० टक्के परकार्बोनेट असेल, तर केवळ एक टक्का ऑक्सिजन गेल्यावरही सुमारे ५ मिलिलिटर वायू सुटतो, आणि तो पाण्यात उलट्या धरलेल्या मोजपात्रात नळीने घेऊन सहज वाचता येतो. नळीत मध्ये कॅल्शियम क्लोराइड भरावे, नाहीतर पात्रातील वाफ मागे जाऊन नमुनाच भिजवेल. तापमानाच्या चढउताराचा परिणाम वजा करण्यासाठी परकार्बोनेट नसलेल्या मिश्रणाची कुपी शेजारी ठेवावी.

हे नमुने घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीत कधीही ठेवू नयेत. हे ज्वलनशील द्रवातले ऑक्सिडायझर आहे, हे विसरू नये. छोट्या कुपीतली उष्णता हवेत निघून जाते. तेच मिश्रण २०० लिटरच्या पिंपात असेल, तर ती आतच साचते आणि विघटन भडकू शकते. म्हणून मोठी बॅच घेण्यापूर्वी उष्णतेची चाचणी योग्य सोयी असलेल्या प्रयोगशाळेतून करून घ्यावी, सांडलेला माल पुन्हा पिंपात भरू नये, आणि पिंप तापू लागले तर भरपूर पाणी ओतता येईल अशी सोय जवळ असावी.

बाटलीबाबतचा हिशेब साधा आहे. एक किलो परकार्बोनेटमधून सुमारे १०० लिटर ऑक्सिजन सुटू शकतो. लिटरच्या बाटलीत १२० ग्रॅम परकार्बोनेट असेल आणि वर १०० मिलिलिटर मोकळी जागा असेल, तर एक टक्का विघटनानेही आतला दाब दुपटीच्या वर जातो. त्यामुळे वायू बाहेर सोडणारे, पण द्रव व बाहेरचा ओलावा अडवणारे पडदायुक्त झाकण लागते. पाण्यात विरघळणाऱ्या पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) फिल्मच्या पुड्यांचा विचार करणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. ती फिल्म लवचीक राहण्यासाठी स्वतःतच थोडे पाणी बाळगते आणि ते आतल्या द्रवात उतरते. म्हणून परकार्बोनेटला वेगळ्या कोरड्या कप्प्यात ठेवणे शहाणपणाचे. आणि परकार्बोनेटऐवजी परबोरेट घातले, तर बोरेट पीव्हीएच्या साखळ्या एकमेकींना जोडते व पुडी पाण्यात नीट विरघळत नाही.