पंधरा दिवस काय काय मागितलं ते लिहा, मग खिसा भरा

रोज सोबत काय ठेवायचं ह्यातलं आमच्या घरातलं सगळ्यात शहाणं माणूस म्हणजे आजी. बांगडीत दोन सेफ्टी पिना, कनवटीला चिल्लर, झालं. आणि आजोबांची चंची, त्यात पान, सुपारी, कात, चुन्याची डबी, अडकित्ता, निपाणीचा तंबाखू आणि सगळ्यात आतल्या कप्प्यात चार घड्या घातलेली एक नोट, जी कधी मोडायची नाही. एवढ्यावर दोघं बेळगावचा बाजार करून, पाव्हण्याकडं एक रात्र मुक्काम करून परत यायची.

आणि मी काय केलं, तर व्हिडिओ बघून बघून सुरी-पक्कड एकत्र असलेला मल्टीटूल घेतला, हाताला दोरीचं ब्रेसलेट घातलं, शिट्टी घेतली आणि एक होकायंत्र पण घेतलं. होकायंत्र खिशात घालून मी रोज उद्यमबागेत कामाला जायचो, जिथं डोळे मिटून गेलो तरी गाडी बरोबर गेटसमोर उभी राहील. मित्र म्हणाला, "काय बे, कारगिलला चाललास काय?" त्याच आठवड्यात तिसऱ्या रेल्वे गेटजवळ क्लचची केबल तुटली आणि त्या सगळ्या सामानातलं एकपण कामाला आलं नाही, गाडी ढकलत नेली.

तेव्हापासून माझी पद्धत एकच, ती सांगतो. पंधरा दिवस नवीन काय घ्यायचं नाही. मोबाईलमध्ये एक नोट उघडायची आणि दुसऱ्याकडं जे जे मागितलं ते लिहायचं. पेन मागितलं, लिहा. चार्जर मागितला, लिहा. दुकानदाराकडं पिशवी मागितली, कुणाला तरी "दहाचे सुट्टे आहेत काय" विचारलं, सगळं लिहायचं. माझ्या यादीत पेन पाच वेळा आलं, सुट्टे पैसे चार वेळा, पिशवी तीन वेळा, चार्जर दोनदा, आणि मल्टीटूलमधली सुरी? एकदापण नाही. म्हणजे माझा सगळ्यात महाग जिन्नस सगळ्यात बिनकामाचा होता.

तुमची यादी वेगळी येणार, यायलाच पाहिजे. शहापुरात कपड्याचं दुकान असलेल्या माणसाला टेप लागेल, मला फौंड्रीच्या बाजूला काम म्हणून सहा इंची स्टीलची पट्टी आणि मार्कर लागतोय, माझ्या बहिणीला दोन लहान पोरं म्हणून ओला रुमाल आणि बिस्किटाचा पुडा. दुसऱ्याची यादी बघून खरेदी करायची नाही, माझीसुद्धा नाही.

यादी झाली की प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा, ही अंगावर पाहिजे, बॅगेत पाहिजे की गाडीच्या डिकीत. लोक इथंच चुकतात, सगळं खिशात कोंबतात आणि मग बसताना कुल्ले दुखतात. अंगावर फक्त ते, जे बॅग हरवली तरी तुम्हाला घरी पोचवेल. किल्ल्या, मोबाईल, एक ओळखपत्र, थोडे रोख पैसे आणि कागदावर लिहिलेले तीन फोन नंबर. हो, कागदावर. मोबाईल बंद पडला की बायकोचा नंबर आठवत नाही हे कबूल करायला लाज वाटते, पण खरं आहे. त्याच चिठ्ठीवर रक्तगट आणि रोजची गोळी असेल तर तिचं नाव लिहा, आणि चिठ्ठीला दोन्ही बाजूनं सेलोटेप मारा, नाहीतर जूनमध्ये लगदा होतो.

रोख पैशाचं सांगायला पाहिजे कारण सगळे म्हणतात फोनपे आहे की. आहे, पण पावसात लाईट गेली, टॉवर बसला, की खानापूरच्या पुढं चहावालापण रोखच मागतो. दहाच्या आणि वीसच्या नोटा ठेवा. दहाचं नाणं चलनात आहे, रिझर्व्ह बँकेनं पुन्हा पुन्हा सांगितलंय, पण काही दुकानदार अजून "हे चालत नाही" म्हणतात आणि दहा रुपयासाठी कोण भांडत बसणार. शिवाय एक शंभराची आणि एक पाचशेची नोट मोबाईलच्या कव्हरमागं, आजोबांसारखी, मोडायची नाही.

ओळखपत्राचं आपल्याकडं वेगळंच आहे. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना राज्यातल्या साध्या बसमधून फुकट प्रवास आहे, पण कर्नाटकचा पत्ता असलेलं कार्ड दाखवायला लागतंय, म्हणून आमच्या आईच्या पर्समध्ये आधार कायम. आत्या चंदगडची, म्हणजे महाराष्ट्रातली, तिला इकडं पूर्ण तिकीट. तिला त्याच वर्षी १७ मार्चपासून महाराष्ट्राच्या एसटीत अर्धं तिकीट मिळतंय, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. दोघी एकाच लग्नाला एकत्र निघाल्या की हिशोब ऐकण्यासारखा असतो. थोडक्यात, घरातल्या बायकांच्या पर्समधलं पहिलं सामान हे कार्ड. गाडीचे कागद मात्र डिजिलॉकरमध्ये ठेवले तरी चालतात, फक्त आधीच उघडून बघा, नाक्यावर पोलिसासमोर ओटीपीची वाट बघत उभं राहायचं म्हणजे शिक्षाच.

पेन. कुठल्यापण बँकेत जावा, दोरीला बांधलेलं पेन असतंय आणि त्यात शाई नसतीय. दोन पेनं ठेवा, एक द्यायला आणि एक स्वतःला, कारण दिलेलं परत येत नाही. आणि सरकारी कामाला जाणार असाल तर पाकिटात दोन पासपोर्ट फोटो आणि आधारची झेरॉक्स. एकदा एका कार्यालयात मी एका झेरॉक्ससाठी तीन वेळा जिना उतरलो होतो, त्यात फॉर्म पूर्ण कानडीत, बोलायला येतंय पण वाचताना माझी गाडी अडखळते. तेव्हापासून मोबाईलमध्ये भाषांतर अ‍ॅप ठेवलंय. फॉर्मचा फोटो काढायचा आणि काय लिहिलंय ते कळतंय. अर्थ कधी कधी विचित्र लावतो, पण कुठं सही आणि कुठं तारीख एवढं समजलं तरी बास. वजन शून्य ग्रॅम, आणि माझ्या सगळ्या सामानात सगळ्यात उपयोगी.

आता पाऊस. जून ते सप्टेंबर तुमची यादी वेगळीच पाहिजे. आमच्याकडं अजून शेतात पोत्याची खोळ नाहीतर प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन बायका रोप लावतात, त्यांचं बरोबर आहे, दोन्ही हात मोकळे राहतात. छत्री गाडीवर काय कामाची नाही. रेनकोट डिकीत, आणि खिशात एक जाड झिपवाली प्लास्टिक पिशवी मोबाईल आणि पाकिटासाठी. महाग वॉटरप्रूफ पाऊच घ्यायची गरज नाही, शर्टाबरोबर येते ती पिशवी चालते. भिजलेला मोबाईल तांदळात घालू नका, बारीक कणी चार्जिंगच्या भोकात जाते. बंद करा, पुसा, पंख्याखाली ठेवा, आणि वाळल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.

सुके मोजे एक जोडी. हसू नका. सकाळी नऊला भिजून संध्याकाळी सहापर्यंत तेच मोजे घालून बघा.

टॉर्चबद्दल माझं मत जरा जास्त आहे. सासुरवाडी जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या वाटेवर, पावसात झाड तारेवर पडलं की लाईट दोन दोन दिवस नाही. मोबाईलचा टॉर्च आहे की, असं मीपण म्हणायचो. पण एका हातात मोबाईल धरून दुसऱ्या एका हातानं गाडीची केबल बदलून दाखवा. वर बॅटरी संपते आणि मग फोनपण गेला, उजेडपण गेला. बोटाएवढा छोटा टॉर्च घ्या, घड्याळाच्या दुकानात मिळतो तो बारीक सेल लागणारा. दातात धरता येतो. लांब फेकणारा नको, पाच-सहा फुटावर पसरट उजेड पाडणारा पाहिजे. सेल महिनाभर वापरणार नसाल तर काढून ठेवा, आत फुटला की टॉर्च गेला, माझे दोन असेच गेलेत. रात्री त्या रस्त्यावर गवे उभे असतात, अस्वलंपण आहेत, म्हणून गाडीतनं उतरायच्या आधी उजेड फिरवून बघायची सवय चांगली.

पॉवर बँक दहा हजार एमएएचची पुरते. वीस हजारची म्हणजे वीट बाळगल्यासारखं आहे. केबल पॉवर बँकलाच रबरानं बांधून ठेवा, नाहीतर एक घरी आणि एक बॅगेत. सांबऱ्याहून विमानानं जाणार असाल तर ती हातातल्या बॅगेत घ्यायची, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. सुरी-कात्रीचं बरोबर उलटं.

सुरीवरनं आठवलं. फळ कापायला, दोरी तोडायला नेलकटरला जोडलेली बारकी सुरी पुरते. बटण दाबलं की उघडणारे चाकू घेऊ नका, त्यात कायद्याची कटकट आहे. आणि आपल्याकडं १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आसपास, नाहीतर डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असताना नाकाबंदी असते, पिशवी उघडायला लावली तर "सफरचंद कापायला" हे उत्तर तुमचं तुम्हालाच पटणार नाही.

डिकीत माझ्याकडं काय आहे तर क्लचची जादा केबल, ती मी जुन्या केबलच्या बाजूनंच ओवून दोन टोकं टेपनं बंद करून ठेवलीय. तुटली की फक्त टोकं बदलायची, दहा मिनिटांत गाडी चालू. दहा आणि पंधरा अँपिअरचे फ्यूज, प्लगपाना, पक्कड, चिकटपट्टी, जुनी बनियन आणि ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चरच्या पट्ट्यांचा किट. किट घेतला म्हणजे झालं नाही, घरी जुन्या टायरवर एकदा मारून बघा. मी पहिल्यांदा मारला तो चोर्ला घाटात, रेंज नाही, बायको मागं उभी, आणि सुया आत जाईनात.

कापडी पिशवी सगळ्यांनाच. कर्नाटकात प्लास्टिक पिशव्यांवर २०१६ पासून बंदी आहे, मिळतात ती गोष्ट वेगळी. पण गणपत गल्लीतनं जाताना भाजी दिसली की घेतली जाते, आणि हेल्मेटमध्ये वांगी घालून आणणारा माणूस मी स्वतः आहे.

औषधाचं थोडक्यात. स्वतःची रोजची गोळी दोन दिवसांची, चार बँडेड, आणि एप्रिल-मेमध्ये ओआरएसचं मोठं पाकीट. ते एक लिटर पाण्यात एकदम मिसळायचं असतंय, अर्धं पाकीट ग्लासात घालून नाही. मदत लागली तर ११२, अँब्युलन्सला १०८, हे दोन्ही राज्यांत चालतात, पण राज्याच्या हद्दीवर, शिनोळीजवळ नाहीतर निपाणीच्या पुढं मोबाईल कुठल्या टॉवरला लागलाय ह्याचा भरवसा नाही, त्यामुळं फोनवर गावाच्या आधी राज्य, जिल्हा, तालुका सांगा.

मी महिन्यातनं एकदा रविवारी बॅग सतरंजीवर उलटी करतो. महिनाभर हात लागला नाही ती वस्तू घरी जाते, टॉर्च, चिठ्ठी आणि बँडेड सोडून, ते न लागलेलंच बरं. मागच्या वेळी उलटी केली तर खालनं सात पेनांची टोपणं निघाली, पेन एकच. आणि तळाला दोन सेफ्टी पिना, त्या मी ठेवल्या नव्हत्या.