‘बातम्यांमधल्या बायका’ मोजायला बसण्याआधी

बारावीला माध्यम अभ्यास घेऊन प्रतिनिधित्वावर (माध्यमं कुणाला, किती आणि कसं दाखवतात यावर) प्रकल्प करणाऱ्यांसाठी ही तयारी. वही, चार्जर, इंटरनेट हे सांगत बसत नाही.

विषय आधी आवळा. ‘माध्यमांतील स्त्रीप्रतिमा’ यात काहीही मावतं, म्हणून हाती काहीच लागत नाही. दोन मराठी दैनिकं, सात दिवस, पहिल्या पानावरच्या पाच मोठ्या बातम्या: झाल्या 70. त्याच दैनिकांच्या यूट्यूब वाहिन्यांवरचे त्या त्या दिवशीचे पाच व्हिडिओ: आणखी 70. एका नोंदीला पाच मिनिटं धरली तरी बारा तास जातात, त्यामुळे जास्त हाव नको. सात दिवस सलग घेऊ नका. एखादी निवडणूक किंवा अपघात सगळा आठवडा खाऊन टाकतो. पहिल्या आठवड्यातला सोमवार, दुसऱ्यातला मंगळवार, असं करत सात आठवड्यांतून एक आठवडा बांधा. अर्थात सुरुवात दिवाळीनंतर करून भागणार नाही. 8 मार्च येत असेल तर तो वार पुढच्या आठवड्यात ढकला, त्या दिवशी पानं ‘सावित्रीच्या लेकीं’नी भरलेली असतात. आवृत्ती एकच धरा. पुण्याचं पहिलं पान वेगळं, नागपूरचं वेगळं. वर पानभर जाहिरातीचं जॅकेट असेल तर आतलं खरं पहिलं पान मोजायचं, हे आधीच लिहून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. डिजिटल नोंद समोर आली की त्याच क्षणी जतन करा. दुवा, तारीख, वेळ. नंतर नाही, रात्री नाही, ‘सगळं मोजून झालं की’ तर अजिबात नाही. छापील अंक शेजारच्या रद्दीतही सापडेल. यूट्यूबवरचं शीर्षक आणि थंबनेल मात्र वाहिनी हवं तेव्हा बदलते, आणि एकाच व्हिडिओला तीन थंबनेल लावून कुठलं चालतं ते पाहायची सोयही तिथे आहे. यूट्यूबऐवजी इन्स्टाग्राम घेतलंत, तर तिथली स्टोरी 24 तासांत जाते. मागच्या खेपेला नेमकं हेच राहिलं: तक्ता भरलेला, पुरावा शून्य, आणि तोंडी परीक्षेत उघडलेल्या पहिल्याच दुव्यावर मथळा निराळा.

जतन संगणकावर करा. मोबाइलच्या स्क्रीनशॉटवर वरच्या पट्टीत वेळ दिसते, पण तारीख सहसा नसते आणि दुवाही नसतो. क्रोममध्ये प्रिंट काढायला घ्या, पीडीएफ निवडा, जास्तीच्या सेटिंगमधला शीर्षटीप-तळटीपेचा पर्याय चालू करा. पानावर तारीख आणि दुवा आपोआप छापला जातो. यूट्यूबचं पान प्रिंटमध्ये विस्कटतं, तिथे स्क्रीनशॉट घ्या, पण पत्त्याची पट्टी आणि कोपऱ्यातलं घड्याळ कापू नका. वृत्तसंकेतस्थळाचं पान वेबॅक मशीनमध्येही (वेबपानांच्या जुन्या प्रती जपून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर) टाका. इन्स्टाग्रामसाठी त्यावर विसंबू नका, बरेचदा लॉगिनचं पानच जतन होतं. सगळं ब्राउझरच्या खासगी (इनकॉग्निटो) खिडकीत, लॉगिन न करता; नाहीतर तुमच्या आवडीची यादी मोजत बसाल. फाइलचं नाव 2026-01-20_0930_अ_03 असं (तारीख, वेळ, दैनिकाचं अक्षर, नोंदीचा क्रमांक), आणि तोच क्रमांक तक्त्यात.

तक्त्यात बातम्या नव्हे, माणसं मोजा. जागतिक माध्यम निरीक्षण प्रकल्प 1995 पासून दर पाच वर्षांनी तसंच मोजतो (2020 साली बातम्यांमधल्या व्यक्तींत स्त्रिया 25 टक्के होत्या), त्यामुळे तुलनेला आकडा मिळतो. रकाने: भूमिका (तज्ज्ञ, अधिकारी, पीडित, नातेवाईक, प्रत्यक्षदर्शी), थेट उद्धृत केलंय का, स्वतःच्या नावाने की कुणाची पत्नी म्हणून, फोटोची चौकट कुठे कापलीय. मराठीत एक खास खड्डा आहे. ‘जिल्हाधिकाऱ्यांनी घेतला आढावा’ या मथळ्यात बाई की पुरुष, कळतच नाही. आदरार्थी बहुवचन ते गिळून टाकतं. खाली मजकुरात ‘त्या म्हणाल्या’ येतं तेव्हा उलगडतं. म्हणून मथळ्यावरून लिंग नोंदवू नका, क्रियापद शोधा. तीच बाई व्हिडिओच्या शीर्षकात ‘महिला कलेक्टरचा दणका’ होते, नाहीतर ‘रणरागिणी’. हा फरक टिपायला वेगळा रकाना हवाच, कारण छापील आणि डिजिटलमधली खरी गंमत इथेच सापडते. आणि ते थंबनेल आत्ताच जतन केलंत ना?

मोजणीआधी 20 नोंदी दोघांनी एकमेकांचं न बघता भराव्यात. 16 पेक्षा कमी जुळल्या तर व्याख्या सैल आहेत; बहुतेक वेळा भांडण ‘पीडित’ आणि ‘नातेवाईक’ यांवरच होतं. व्याख्या दुरुस्त करा आणि नव्या 20 घ्या, त्याच नकोत.

परिशिष्टात लैंगिक अत्याचाराच्या बातमीतली ओळख आणि लहान मुलांचे चेहरे झाका. हा कायद्याचाही प्रश्न आहे.

सिद्धांत: माध्यम-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांची 1973 ची सांकेतन-विसांकेतनाची मांडणी (बनवणारा संदेशात अर्थ भरतो, वाचणारा तो आपल्या परीने उलगडतो) पुरे, पण ती निष्कर्षात वापरा, प्रस्तावनेत टांगून ठेवू नका. आलेख दोन, तीन नकोत. टक्केवारीशेजारी मूळ संख्या. तोंडीला पेनड्राइव्हवर जतन केलेल्या फाइली, क्रमांकाने लावलेल्या. शिवाय त्याची एक प्रत घरी. दुवा, तारीख, वेळ प्रत्येकीवर आहे का, आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी बघा.