मॅचच्या आधीची मॅच: सिंगापूरला आपला क्लब बघायला जाणाऱ्यांसाठी

वीसेक वर्षं मी आर्सेनल, म्हणजे लंडनचा फुटबॉल क्लब, बघतेय ती डोंबिवलीच्या आमच्या हॉलमध्ये, रात्री टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून. आतल्या खोलीत सासूबाई झोपलेल्या असायच्या. २००३-०४ च्या सीझनमध्ये संघ ३८ पैकी एकही लीग सामना हरला नाही, तेव्हापासूनचं हे वेड. जुलै २०२५ मध्ये क्लब सीझन सुरू होण्याआधीचे मैत्रीपूर्ण सामने खेळायला सिंगापूरला येणार असं जाहीर झालं आणि भाच्याचा फोन आला, “मावशी, लंडन काही आपल्याला जमत नाही, पण सिंगापूर जमेल.” गेलो दोघं. २३ जुलैला एसी मिलान, २७ ला न्यूकॅसल, दोन्ही सामने बघितले. तेव्हापासून गाडीत, ऑफिसात, भाच्याच्या मित्रांत सगळे तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून काढते. तुमचा क्लब दुसरा असला तरी यातलं बरंचसं कामी येईल.

तिकीट काढताना मनाशी एक पक्कं करा: आपण क्लब बघायला चाललोय, एका खेळाडूला नाही. हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. ६ नोव्हेंबर २०२३ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबई सिटीविरुद्ध सौदीची अल हिलाल खेळायला आली, तेव्हा त्यांचा नेमार दुखापतीमुळे आलाच नव्हता. फेब्रुवारी २०२४ मध्ये हाँगकाँगला मेस्सी पूर्ण वेळ बाकावर बसून राहिला आणि लोकांनी अखेर हुर्यो उडवली. आमच्या वेळी न्यूकॅसलचा मुख्य गोल करणारा इसाक दौऱ्यावर नव्हता. आमचा नवा स्ट्रायकर ग्योकेरेस त्याच आठवड्यात क्लबात आला, पण पहिल्यांदा मैदानात उतरला तो ३१ जुलैला हाँगकाँगमध्ये, टॉटनहॅमविरुद्ध. भाचा दिवसभर हिरमुसला होता. शक्य असेल तर एकाऐवजी दोन सामन्यांची तिकिटं काढा, महागडं एक घेण्यापेक्षा स्वस्तातली दोन. सुट्टीवरून नुकतीच परतलेली मुलं पहिल्या सामन्यात जड पायांनी पळतात, चार दिवसांनी तीच मोकळी झालेली दिसतात. विश्वचषक किंवा युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) झालेल्या उन्हाळ्यात मोठी नावं उशिराच संघात येतात, तेव्हा अपेक्षा त्या हिशोबाने ठेवा.

शहर निवडायची वेळ आली तर पावसाचा विचार करा. जुलै २०२३ मध्ये बँकॉकला टॉटनहॅम आणि लेस्टरचा सामना पावसाने मैदान भरल्यामुळे रद्दच झाला. सिंगापूरच्या नॅशनल स्टेडियमचं छप्पर बंद करता येतं, ५५ हजार माणसं आत कोरडी बसतात. एवढ्या एका गोष्टीसाठी मी सिंगापूरला झुकतं माप देते.

कागदपत्रांचं थोडक्यात. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त शिल्लक हवी. व्हिसा अधिकृत एजंटकडून ऑनलाइन होतो, पण शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत सिंगापूर अरायव्हल कार्ड भरायचं असतं आणि ते पूर्ण फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइट्स आहेत, त्या बंद करून सरकारी साइट शोधा. च्युइंगम आणि व्हेप सामानात चुकूनही नको, तिकडे दोन्हींवर बंदी आहे.

घरापासून विमानतळापर्यंतचा प्रवास हा खरा अवघड टप्पा. जुलैत मध्य रेल्वेचा भरवसा धरू नका. रात्रीचं विमान असलं तरी आम्ही दुपारी तीनला डोंबिवली सोडलं. घाटकोपरला उतरून मेट्रो वन, मरोळ नाक्याला बदलून मेट्रो तीन, ती थेट विमानतळाच्या टी२ टर्मिनलला नेते. बॅगा हलक्या असतील तर पावसाळ्यात टॅक्सीपेक्षा मला हाच रस्ता सुरक्षित वाटतो. रिकामा वेळ उरला तर उरू दे, विमानतळावर डबा खा.

बॅनर जरूर न्या. आम्ही मांजरपाटाच्या दोन मीटर कापडावर लाल रंगात मोठ्या देवनागरी अक्षरांत फक्त ‘डोंबिवली’ असं लिहिलं. काठी लावली नाही, चादरीसारखी घडी करून नेलं. त्या एका शब्दामुळे ठाण्याची दोन कुटुंबं, पुण्याची कॉलेजातली मुलं आणि नाशिकहून आलेल्या एक आजी आम्हाला शोधत आल्या. पिशवीचा आकार, बाटली, बॅनरची लांबीरुंदी यांचे नियम तिकिटासोबत येतात, ते आदल्या रात्री वाचून घ्या.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. सामना साडेसातचा होता, तिकीट हातात आलं की कुणालाही वाटतं सातला पोचलं तरी चालेल. असं करू नका. दारं उघडल्या उघडल्या आत शिरा आणि जागेवर जाऊन बसा. टीव्हीवर वॉर्मअप दाखवत नाहीत, दाखवला तरी जाहिरातींच्या मधे चार सेकंद. आधी गोलकीपर येतात, एकटेच, त्यांच्या कोचबरोबर. स्टेडियम अजून निम्मं रिकामं असतं, म्हणून चेंडू ग्लोव्हजवर आपटल्याचा आवाज वरपर्यंत ऐकू येतो. मला तो आवाज ठाऊकच नव्हता. वीस वर्षं मी मुकं फुटबॉल पाहिलं होतं. आमचा गोलकीपर राया एकेक चेंडू धरत होता आणि प्रत्येक वेळी तो ‘धप्प’ छातीत येत होता, डोळे भरून आले माझे. भाचा म्हणाला, “मावशी, अजून मॅच सुरू व्हायचीये.” मग बाकीचे येतात. गोल करून एक-एक स्पर्शात चेंडू फिरवतात, मधे दोघं तो पकडायला धावतात, त्याला रोंडो म्हणतात. तिथे कळतं की टीव्हीवर संथ वाटणारा माणूस किती झटपट चेंडू सोडतो. कोण हसतंय, कोण कुणाच्या कानात बोलतंय, नवा आलेला मुलगा कुणाजवळ उभा राहतोय, हे सगळं दिसतं. म्हणून जागा निवडताना मधली, लांबची आणि महाग सोडा, गोलच्या मागे किंवा कोपऱ्याजवळ खालची घ्या. फक्त आपला संघ कुठल्या बाजूला वॉर्मअप करतो ते आधी कळत नाही, तेवढं नशिबावर.

सरावाला प्रवेश मिळत असेल तर तोही सोडू नका.

सामन्यात बदली खेळाडू धडाधड येतात. दुसऱ्या हाफमध्ये निम्मा संघ अनोळखी वाटतो आणि आजूबाजूची माणसं मोबाइल काढतात. यावर उपाय एकच, अकादमीतल्या मुलांची नावं जायच्या आधी पाठ करा. आम्ही केली होती, म्हणून न्यूकॅसलविरुद्ध पंधरा वर्षांचा मॅक्स डाउमन उतरला तेव्हा आमच्या रांगेत आम्हीच पहिले उभे राहिलो. त्याला पाडलं, पेनल्टी मिळाली, आमच्या कप्तान ओडेगार्डने ती मारली आणि सामना ३-२ झाला. माझ्यासाठी तो दौऱ्याचा क्षण होता. आणि शिट्टी वाजली म्हणून उठू नका. मिलानविरुद्ध साकाच्या गोलने १-० जिंकल्यावरही आधीच ठरलेलं पेनल्टी शूटआउट झालं, ते मिलानने जिंकलं. शिट्टीबरोबर निघालेल्यांचं ते हुकलं.

शेजारी समोरच्या संघाचा माणूस बसलेला असेल, अशा सामन्यांत बसायला वेगळे विभाग क्वचितच असतात. आमच्या बाजूला न्यूकॅसलचा शर्ट घातलेले एक स्थानिक काका होते. मध्यंतरात त्यांना भाकरवडी दिली, त्यांनी आम्हाला बाहेर पडायची वाट सांगितली, ती पुढे लिहिते.

जेवणाचं: श्रावण २५ जुलैला लागला आणि मी पाळते. लिटल इंडियात सेरंगून रोडवर कोमला विलास आहे, १९४७ पासूनचं, शुद्ध शाकाहारी, तिथे डोसा-भाताची सोय झाली. भाच्याने २४ तारखेला, म्हणजे दिव्यांच्या अवसेला, टेक्का सेंटरमध्ये आपली गटारी साजरी करून घेतली. डब्यात मेथीचे पराठे आणि शेंगदाण्याचे लाडू असू द्या. वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते, भूक भलत्याच वेळी लागते. मेट्रोसाठी वेगळं कार्ड घ्यायची गरज नाही, आपलं टॅप करून चालणारं बँकेचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड दारावर टेकवलं की झालं. परदेशी व्यवहार मात्र निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये सुरू करून ठेवा. माझा केलेला नव्हता, पहिल्याच फाटकावर अडकले.

आणि ती वाट. जाताना सर्कल लाइनवरच्या स्टेडियम स्टेशनला उतरा, बाहेर पडलात की समोरच घुमट. परतताना तिथे गर्दीच्या रांगा लागतात, त्यात उभं राहू नका. पंधराएक मिनिटं चालत कॅलांग स्टेशनला जा, ती लाइन वेगळी आहे आणि गाडीत बसायला जागा मिळते. मध्यरात्रीच्या सुमारास गाड्या बंद होतात, तेवढं भान ठेवून शेवटचा खेळाडू आत जाईपर्यंत जागेवर थांबा. बॅनर घडी करायला दोन माणसं लागतात, त्यामुळे एकमेकांना सोडून पुढे जाऊ नका.