पडद्याने विसरलेल्या परग्रहवासीयांवर टाय-इन कादंबरी कशी लिहावी

चित्रपटाच्या किंवा दूरचित्रवाणी मालिकेच्या जगात, हक्कधारकांच्या परवानगीने लिहिल्या जाणाऱ्या टाय-इन कादंबऱ्या ज्यांनी मनापासून वाचल्या आहेत, त्यांना एक हळहळ नक्की ठाऊक असेल. मालिकेत एखादी परग्रहवासी जमात एकदाच येते, काही मिनिटांत मनात घर करते आणि पुढे वर्षानुवर्षे तिचे कुणी नावही काढत नाही. पडद्याची अडचण समजण्याजोगी आहे. 'स्टार ट्रेक' या अंतराळप्रवासाच्या दूरचित्रवाणी मालिकेतली थोलियन जमात 1968 साली प्रथम आली, तेव्हा प्रेक्षकांना दिसला तो अंतराळजहाजाच्या पडद्यावरचा एक कोनदार, लकाकणारा चेहरा एवढाच. त्यांचे पूर्ण शरीर दाखवायला 2005 साल उजाडले, कारण असा स्फटिकासारखा, बहुपाद जीव वेशभूषेतून उभा करणे शक्य नव्हते आणि त्यासाठी संगणकावर चित्रे घडवण्याचे तंत्र हाती यावे लागले. कादंबरीला ही सबब नाही. सुमारे 200 अंश सेल्सियस तापमानात जगणाऱ्या या जमातीचे दिवाणखाने, न्यायालये आणि पाळणाघरे कागदावर उभारायला एक पैसाही जास्त लागत नाही. तरीही बहुतेक लेखक त्याच दोन-तीन लोकप्रिय जमातींकडे वळतात. यामागे विक्रीचे गणित आहे हे मान्य केले, तरी अशा दुर्लक्षित संस्कृतीवर लिहायचे कसे हेच अनेकांना उमगत नाही, हेही तितकेच खरे आहे. पुढे लिहिले आहे ते त्यासाठीच.

निवड करताना जिच्याविषयी काहीच माहीत नाही अशी जमात घेऊ नये. तिथे सगळेच कल्पनेने भरावे लागते आणि वाचकाला ओळखीचा धागा सापडत नाही. जिच्याविषयी थोडेच, पण नेमके सांगितले गेले आहे, अशी जमात घ्यावी. थोलियनांच्या पहिल्या भागातला त्यांचा अधिकारी मानवी जहाजाला 'तुमच्या वेळेप्रमाणे' बरोबर 1 तास 53 मिनिटे थांबण्याचे कबूल करतो आणि ती मुदत टळताच हल्ला चढवतो. त्यावर त्या जहाजावरचा अधिकारी स्पॉक थोलियनांच्या प्रसिद्ध वक्तशीरपणाचा उल्लेख करतो. एक मुदत आणि एक शेरा, एवढीच सामग्री आहे. पण चांगल्या लेखकाला ती पुरेशी आहे, किंबहुना एखाद्या जमातीवर आधीच लिहिल्या गेलेल्या दहा कादंबऱ्यांपेक्षा ती अधिक मोकळीक देते.

निवड झाली की सगळे मूळ प्रसंग पुन्हा पाहावेत आणि टिपणे काढताना पानाचे तीन रकाने करावेत. पहिल्यात जे प्रत्यक्ष पडद्यावर दिसले ते, दुसऱ्यात त्या जमातीविषयी इतर पात्रे जे बोलली ते, आणि तिसऱ्यात चाहत्यांनी आपसात गृहीत धरलेले पण कुठेच न आलेले असे लिहावे. माझ्या मते या कामातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, कारण दुसऱ्या रकान्यातल्या बहुतेक गोष्टी ही शत्रूने, व्यापाऱ्याने किंवा अर्धवट माहिती असलेल्या अधिकाऱ्याने दिलेली साक्ष असते, आणि साक्ष खोटी, जुनी किंवा एकांगी असू शकते. ज्या ठिकाणी दोन रकाने एकमेकांशी भांडतात, तिथेच कादंबरीचे बीज असते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे ब्रीन. 'स्टार ट्रेक'च्या मालिकांमध्ये त्यांचे नाव ते दिसण्याच्या कितीतरी आधीपासून घेतले जात होते. ते दिसले तेव्हाही संपूर्ण शरीर झाकणाऱ्या पोशाखात आणि चेहरा न दाखवणाऱ्या शिरस्त्राणात दिसले. त्यांचा ग्रह गोठलेला आहे आणि म्हणून त्यांना शीतपोशाख लागतो, असा सर्वांचा समज होता. पुढे मात्र त्यांच्याशी नव्याने हातमिळवणी केलेले एक पात्र सांगते की तो ग्रह चांगला सुसह्य हवामानाचा आहे. मग हा पोशाख कशासाठी? घाईतला लेखक यातले एक विधान चुकीचे ठरवून मोकळा झाला असता. डेव्हिड मॅक यांनी 2010 सालच्या 'झिरो सम गेम' या कादंबरीत ही विसंगतीच पायाचा दगड केली. त्यांच्या कथेत ब्रीन ही एक जमात नसून अनेक जमातींचा संघ आहे आणि मुखवट्यामुळे कोण कोणत्या जमातीचा आहे हे कुणालाच कळत नाही, म्हणजे प्रत्येकाची पारख केवळ त्याच्या कामावरून होते. एका न जुळणाऱ्या वाक्यातून इथे समतेची एक अख्खी राज्यव्यवस्था आली आणि तिच्यासोबत तिची किंमतही आली. चारचौघांत ज्यांना स्वतःचा चेहराच नाही, अशांच्या समाजात मैत्री, प्रेम आणि विश्वासघात कोणते रूप घेतील, हा प्रश्न मग आपोआप उभा राहतो.

आता शरीराकडे आणि भूगोलाकडे यावे. प्रत्येक शारीरिक वैशिष्ट्यातून किमान एक सामाजिक संस्था निघाली पाहिजे, नाहीतर ते वैशिष्ट्य नुसती रंगरंगोटी राहते. 1967 साली 'स्टार ट्रेक'मध्ये आलेली होर्टा ही सिलिकॉनवर आधारित, खडकातून वाट काढणारी जमात आहे. दर 50,000 वर्षांनी एक होर्टा सोडून तिची सारी पिढी मरते आणि उरलेली एकटी सगळ्यांची अंडी सांभाळते. याचा अर्थ असा की, नव्या पिढीतल्या प्रत्येकाला आदल्या पिढीचा इतिहास एकाच तोंडून कळतो. त्या एकटीने काही लपवले असेल तर? तिची आठवण पुसट झाली असेल तर? अशा समाजात 'साक्षीदार' या शब्दाला, वारशाला आणि खोटेपणाला मिळणारे वजन आपल्याकडच्यापेक्षा फार निराळे असेल.

एवढे करूनही एक धोका उरतो आणि बहुतेक हस्तलिखिते तिथेच घसरतात. संपूर्ण ग्रहाला एकच स्वभाव दिला जातो: सगळे योद्धे, सगळे व्यापारी, सगळे वक्तशीर. यावर उपाय म्हणजे, त्या समाजाचे जे सर्वांत मोठे मूल्य असेल त्याच मूल्यावरून त्यातल्या दोन भल्या व्यक्तींमध्ये मतभेद घडवून आणावा. दोघांचाही त्या मूल्यावर विश्वास हवा. थोलियनांचेच पाहू. समजा, त्या 1 तास 53 मिनिटांच्या प्रसंगानंतर जहाजावर दोघे बोलत आहेत. तरुण सुकाणूधारक म्हणतो की मुदत परक्यांच्या मोजमापात दिली होती, आपल्या मोजमापात दिलेले वचनच वचन असते, तेव्हा आपण आधीच हल्ला केला असता तरी डाग लागला नसता. शत्रूच्या जहाजाभोवती ऊर्जेचे जाळे विणणारी वयस्कर जाळेकरी उत्तर देते की परक्याच्या मोजमापात दिलेले वचन दुप्पट बांधते, कारण ते मोडले तर त्याला ते लगेच कळते. इथे वक्तशीरपणावर दोघांनीही शंका घेतलेली नाही, तरीही वाचकाला कायदा, धर्म, पिढ्यांमधले अंतर आणि परक्यांविषयीची भीती यांचा अंदाज आला. हे दोन-चार संवाद माहितीच्या दोन पानांपेक्षा अधिक काम करतात.

हे तत्त्व मोठ्या प्रमाणावर पाहायचे असेल तर 'स्टार वॉर्स' या अंतराळपटांवरच्या कादंबऱ्यांमधल्या टिमोथी झान यांच्या नोघ्री जमातीचा अभ्यास करावा. 1991 साली सुरू झालेल्या त्यांच्या कादंबरीत्रयीत नोघ्री आरंभी केवळ मूकपणे आज्ञा पाळणारे मारेकरी म्हणून येतात. दुसऱ्या कादंबरीत मूळ चित्रपटांची नायिका लिया त्यांच्या ग्रहावर जाते आणि चित्र पालटते. अंतराळातल्या एका लढाईने त्यांची जमीन विषारी झालेली असते, ती शुद्ध करण्याचे आश्वासन साम्राज्याने दिलेले असते, आणि त्या उपकाराची फेड म्हणून नोघ्री पिढीजात सेवा करत असतात. प्रत्यक्षात जमीन सुधारण्याच्या नावाखाली तिथे पेरलेले गवतच दुसरे काही उगवू देत नसते. लिया ही साम्राज्याच्या वतीने ते आश्वासन देणाऱ्या वेडरची मुलगी आहे हे त्यांना तिच्या वासावरून कळते, म्हणून तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते. इथे नोघ्री कुलमातेची निष्ठा खरी आहे, तिची कृतज्ञताही खरी आहे, आणि फसवणूक नेमकी त्या कृतज्ञतेच्या आधारानेच झाली आहे. वास, गवत आणि ऋण या तीन गोष्टींवर एक संस्कृती तोलून धरलेली आहे.

कथा कोणाच्या नजरेतून सांगायची, याचा निर्णय लवकर घ्यावा. मानवी पात्र परग्रहावर जाऊन सगळे पाहते ही रचना सोपी आहे, पण तिच्यात यजमान नेहमी समजावून सांगत बसतात. जॉन एम. फोर्ड यांनी 1984 साली 'द फायनल रिफ्लेक्शन'मध्ये 'स्टार ट्रेक'मधल्या क्लिंगॉन जमातीची गोष्ट क्लिंगॉन नायकाकडूनच पाहिली. त्याच वर्षी डायेन डुएन यांनी त्याच मालिकेतल्या रोम्युलन जमातीला तिचे स्वतःचे नाव दिले: रिहान्सू. जमात स्वतःला काय म्हणते हे ठरवणे ही छोटी पण फार परिणामकारक युक्ती आहे. शब्द मात्र मोजके असावेत. ज्यांचे भाषांतर करताना काहीतरी सांडते तेवढेच मूळ भाषेत ठेवावेत.

व्यवहाराची बाजू थोडक्यात सांगतो. टाय-इन कादंबरीचा आराखडा हक्कधारकांकडून मंजूर व्हावा लागतो आणि लिहिलेल्या जगावर लेखकाची मालकी नसते. पुढे पडद्यावर वेगळेच दाखवले गेले तर कादंबरी मागे पडते. 2014 साली 'स्टार वॉर्स'च्या जुन्या कादंबऱ्या एका फटक्यात 'लेजंड्स' या नावाखाली अधिकृत कथेबाहेर गेल्या. तरीही झान यांच्या त्याच कादंबरीत्रयीतला खलनायक थ्रॉन 2016 साली 'रेबेल्स' या मालिकेतून पडद्यावर आला. म्हणून आराखड्यात ग्रहाचा नाश किंवा जमातीचा अंत असले काही सुचवू नये. दुर्लक्षित जमातीवरचा प्रस्ताव मंजूर व्हायचा तर त्यात मालिकेतले एखादे परिचित पात्र असणे बहुधा हिताचे ठरते, मात्र त्या पात्राने या लोकांना शहाणपण शिकवायला येऊ नये.

मसुदा पूर्ण झाल्यावर एक परीक्षा जरूर घ्यावी. मानवी पात्रे ज्यात आहेत ती सर्व प्रकरणे बाजूला काढून उरलेली पाने सलग वाचावीत. त्या पानांवर कुणीतरी काहीतरी मागत असेल, कुणीतरी नाकारत असेल आणि दोघेही आपापल्या रीतीने त्या जगाचे असतील, तर मसुदा संपादकाकडे पाठवायला हरकत नाही. उरलेल्या पानांत नुसती वर्णनेच सापडली, तर पुन्हा तीन रकान्यांच्या त्या पानाकडे जावे आणि न जुळलेले पुढचे वाक्य शोधावे.