उन्हाळी शिबिर निवडताना या चुका टाळा

मार्च अर्धा सरला की माझा फोन वाजू लागतो. "ताई, मुलगी चौथीत आहे, कुठल्या शिबिराला घालू?" मुलांच्या उन्हाळी शिबिरांत मी सतरा वर्षं ताई म्हणून काम करते आहे. आधी स्वयंसेवक होते, मग मुक्कामाची व्यवस्था बघू लागले, आता प्रवेशाआधी पालकांशी बोलते. फोन करणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा पत्रक तयार असतं: सात दिवस, पंचवीस ॲक्टिव्हिटी, शेवटी प्रमाणपत्र. फी विचारून झालेली असते, जेवणात काय असतं तेही विचारलेलं असतं. रात्री आपलं मूल कुणाच्या भरवशावर झोपणार, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. तेच तेच नुकसान दरवर्षी बघून आता राहवत नाही, म्हणून लिहिते आहे.

पत्रकावरची यादी मोजून शिबिर ठरवणं

सात दिवसांत पंचवीस ॲक्टिव्हिटी म्हणजे रोज तीन-चार. अंघोळ, खाणं, दुपारची विश्रांती, रांगा आणि मोजणी वगळली की एकेकीच्या वाट्याला तास-सव्वा तास येतो. चाकावर मातीचा गोळा नीट बसायलाच मुलाला तेवढा वेळ लागतो, आणि हात जरा वळायला लागला की पुढच्या गटाची शिट्टी होते. मला यादी लहान असलेली शिबिरं आवडतात. पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत शाळकरी मुलांसाठी उन्हाळ्यात जो उपक्रम चालतो, त्यात मूल आठवडाभर एका शास्त्रज्ञाबरोबर एकाच प्रकल्पावर काम करतं. तिथे ठरलेला अभ्यासक्रम नसतो. एकाच गोष्टीपाशी आठवडाभर रेंगाळायला मिळणं ही मुलांसाठी फार मोठी गोष्ट आहे.

पण यादीचा खरा तोटा वेगळाच. यादी वाचून पालकांचं समाधान होतं आणि माणसांची चौकशी राहून जाते.

काही वर्षांपूर्वी मुळशीकडच्या एका शिबिरात मला तिसऱ्या दिवशी मदतीला बोलावलं, कारण त्यांची एक ताई आजारी पडली होती. पोचले तर ६४ मुलं आणि मोठी माणसं पाच. त्यातली तीन कॉलेजातली पोरं, आदल्या रात्री आलेली, मुलांची नावंही त्यांना ठाऊक नव्हती. कातळावर रॅपलिंग, म्हणजे दोराने खाली उतरणं, चालू होतं आणि हेल्मेटं होती आठ. खाली उतरलेल्या मुलाचं हेल्मेट दोराला बांधून वर ओढायचं, ते पुढच्याच्या डोक्यावर चढवायचं. सकाळचे साडेअकरा वाजले होते, मे महिना, आणि पन्नासेक मुलं तापल्या दगडावर रांगेत उभी.

पाण्याचा पिंप सावलीत सरकवायला मी तंबूंकडे गेले, तेव्हा एका तंबूत नऊ वर्षांचा मुलगा पडलेला दिसला. अंग तापलेलं, छातीत घरघर. सकाळपासून तो तिथेच होता आणि कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, कारण तिथे हजेरी म्हणजे जेवणाच्या वेळची ताटं मोजणं. नाश्त्याला एक ताट जास्त उरलं, तर कुणाला भूक नसेल म्हणून सोडून दिलं होतं.

त्या मुलाला दमा होता. त्याच्या आईने फॉर्मवर ते ठळक अक्षरात लिहिलं होतं, इनहेलर कधी आणि कसा द्यायचा तेसुद्धा. तो फॉर्म पुण्यातल्या ऑफिसात फायलीला लावलेला होता. इनहेलर त्याच्या सॅकच्या तळाशी, मोज्यांच्या पिशवीत होता. त्यानेच पुटपुटत सांगितलं म्हणून सापडला. शिबिराची गाडी भाजी आणायला गेलेली, तेव्हा गावातल्या एकाच्या जीपमधून त्याला ग्रामीण रुग्णालयात नेलं. संध्याकाळपर्यंत त्याचा श्वास स्थिर झाला. घरी फोन मीच केला. त्याची आई एवढंच म्हणत राहिली, "पण मी लिहून दिलं होतं ना?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. लिहून दिलेलं कुणाच्या हातात पडतं, एवढंच विचारायचं राहिलं होतं.

त्या दिवसापासून माझी सवय ठरून गेली. कुठल्याही शिबिराबद्दल मी आधी फोन करते आणि संचालकांशी न बोलता मुक्कामाला प्रत्यक्ष असणाऱ्या ताई-दादांपैकी कुणाला तरी फोन द्यायला सांगते. मुलांचे आरोग्याचे फॉर्म तिथे कुणाच्या पिशवीत असतात? हजेरी दिवसातून किती वेळा आणि नावानिशी घेता का? रात्री जागं कोण असतं, त्यांचं नाव काय? "आमची टीम असते" हे उत्तर मी नकार म्हणून धरते. नाव सांगता आलं पाहिजे. दहा मुलांमागे एक मोठं माणूस, आणि आठ वर्षांच्या आतली मुलं असतील तर सहांमागे एक, हा माझा हिशोब. स्वयंपाकी आणि ड्रायव्हर यात धरायचे नाहीत.

मग रुग्णालयाचं विचारायचं. सर्वांत जवळचं कुठलं, तिथे सर्पदंशावरचं प्रतिविष असतं का, आणि रात्री गाडी शिबिराच्या आवारात उभी असते का. कोकणात मुक्काम असेल तर विंचवाबद्दलही विचारा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून दाखवलं आणि कोकणात कितीतरी जीव वाचले. पण ते औषध लवकर पोटात जावं लागतं, म्हणून दवाखाना किती मिनिटांवर आहे याला इतकं महत्त्व. हे प्रश्न विचारल्यावर समोरचा माणूस चिडला, तर तिथेच थांबा. चांगली शिबिरं चालवणारे लोक या प्रश्नांनी खूश होतात, कारण त्यांनी या सगळ्यावर रात्री जागवलेल्या असतात.

साहसी खेळ असतील तर आणखी एक. राज्याच्या पर्यटन विभागाचा २४ ऑगस्ट २०२१ चा शासन निर्णय आहे. त्यानुसार जमीन, पाणी आणि हवेतले साहसी उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीचा कागद मागा. "आम्ही वीस वर्षं करतोय" म्हणणाऱ्यांकडेही मागा.

पहिलाच मुक्काम, तोही आठवड्याचा

आठ वर्षांची एक मुलगी आमच्याकडेच आली होती, त्यामुळे यात दोष आमचाही आहे. घराबाहेर एकही रात्र न काढलेली, आणि थेट सात दिवसांच्या शिबिरात. मुलगी इकडे आणि आईबाबा हिमाचलला, फोन रेंजच्या बाहेर. पहिल्या रात्री ती रडली, तसं बरीच मुलं रडतात. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ही पाणी पीत नाही. खोदून विचारलं तेव्हा सांगितलं की संडास तंबूपासून लांब आहे, रात्री अंधारात जायला लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणी बंद. ऐन मे महिन्यात. पाचव्या दिवशी तिला लघवीला जळजळ होऊन ताप आला. घरच्यांशी संपर्क होईना, शेवटी आत्याचा नंबर मिळाला आणि ती येऊन घेऊन गेली. पुढची तीन वर्षं ती मुलगी शाळेच्या एकदिवसीय सहलीलाही गेली नाही, हे तिच्या आईनेच मला नंतर सांगितलं.

तेव्हापासून आम्ही प्रवेश देण्याआधी विचारतो: मूल आजीकडे, मावशीकडे, कुणाकडे तरी तुमच्याशिवाय सलग दोन रात्री राहिलं आहे का? राहिलं नसेल तर आधी ते करा. फोन न देता करा. त्या दोन दिवसांत त्याला स्वतःचं ताट घासू द्या, अंथरूण घडी करू द्या, रात्री टॉर्च घेऊन एकट्याने संडासला जाऊन येऊ द्या. मुलीचे केस लांब असतील तर तिला स्वतः वेणी घालता यायला हवी, नाहीतर कापून घ्या. शिबिरात सकाळी वीस वेण्या घालायला कुणाला वेळ नसतो आणि मुलींना त्याचं फार वाईट वाटतं. मग पहिलं शिबिर दोन रात्रींचं, पुढच्या वर्षी चारचं. पालकांना हा वेळ द्यायचा नसतो. "एकदा पाण्यात ढकललं की येतं पोहायला" असं मला कितीतरी बाबांनी ऐकवलं आहे. पाण्यात ढकललेलं मूल पुढे किती वर्षं काठावर बसून राहतं, ते मी बघितलं आहे.

निघताना "आवडलं नाही तर फोन कर, मी लगेच न्यायला येईन" असं कृपा करून सांगू नका. तुमच्या मनात माया असते, मुलाला मात्र त्यातून एवढंच कळतं की आईलासुद्धा माझी खात्री नाही. मग पहिल्या संध्याकाळपासून ते त्या फोनची वाट बघत बसतं. त्यापेक्षा असं सांगा, "रात्री आठवण येईल. आली की अमुक ताईला सांग, ती तुझ्याजवळ बसेल." ताईचं नाव तुम्ही आधी विचारून घेतलेलं असेल, तर हे सांगता येतं. आणि बिछाना ओला होत असेल तर लपवू नका. आम्ही अशा मुलाला रात्री बारा आणि चारला हळूच उठवतो, शेजारच्या मुलाला पत्ताही लागत नाही. न सांगितलेल्या मुलाची सकाळी सगळ्यांसमोर फजिती होते.

डोळे बांधून वाचायला शिकवणाऱ्या वर्गांना पैसे देणं

'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन' नावाचे वर्ग सुट्टीत गावोगावी लागतात. दोन दिवसांत मेंदू जागा होतो, डोळ्यांवर पट्टी बांधून मूल पुस्तक वाचतं, रंग ओळखतं. अशा एका प्रात्यक्षिकाला मी भाचीला घेऊन गेले होते. पट्टी बांधलेली मुलं हनुवटी जराशी वर करून कागद छातीजवळ धरत होती. नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टीखाली जी फट राहते, तिच्यातून खालचं दिसतं. घरी आल्यावर भाचीला ओढणी बांधली, तिनेही वाचून दाखवलं. मग मी कागद तिच्या कपाळाच्या उंचीवर धरला, तर एक अक्षर सांगता आलं नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते या दाव्यांना जाहीर आव्हान देत आले आहेत, आणि त्यांच्या तपासणीचा गाभा एवढाच असतो: फट बंद करा, मग वाचा.

मला पैशांपेक्षा मुलांचं वाईट वाटतं. आपण फटीतून बघतो आहोत हे मुलाला माहीत असतं. समोर आई कौतुकाने रडत असते. ते मूल खरं कसं बोलणार? सुट्टीत आपण त्याला खोटं पेलायला लावतो. असल्या वर्गाची चौकशीही करू नका.

पोहण्याचंही थोडक्यात. पाच दिवसांच्या शिबिरात मुलाला पोहायला येईल ही आशा सोडा. मुंबई महापालिकेच्या तलावांवर उन्हाळी वर्ग २१ दिवसांचे असतात, आणि तेवढे दिवस मनापासून गेलेलं मूल निदान पाण्यावर तरंगायला लागतं. समुद्रकिनाऱ्यावरचं शिबिर असेल तर पाण्यात किती खोलवर जाऊ देतात, काठावर दोर आणि जीवरक्षक आहे का, हे लेखी घ्या. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, तेही कॉलेजात शिकणारी मोठी मुलं होती.

बाकी चुका लहान, पण दरवर्षी होणाऱ्या.

शाळेची तारीख पक्की होण्याआधी सवलतीच्या लोभाने पैसे भरणं. २०२५ मध्ये राज्यात पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबल्या आणि आधी भरलेल्यांची तारांबळ उडाली. फी परत मिळण्याचा नियम कागदावर घ्या.

मैत्रीण जाते म्हणून मुलीला घालणं. मैत्रीण दुसऱ्या गटात गेली की रडू.

सगळी सुट्टी भरून टाकणं. दोन आठवडे मोकळे ठेवा, मूल कंटाळलं तर कंटाळू द्या.

महाग म्हणजे चांगलं, असं धरणं. पुण्यात सारसबागेसमोरचं गरवारे बालभवन १९८५ पासून मुलांना माती, गाणी आणि मोकळं अंगण देत आलं आहे. मूल तिथून घरी मळके कपडे घेऊन येतं, आणि सुट्टीत तेच व्हायला हवं.

नवे बूट घालून पाठवणं. पहिल्याच दिवशी फोड येतात. जुने, पायात बसलेले बूट द्या आणि प्रत्येक वस्तूवर नाव घाला, टॉवेलवरसुद्धा.

विदर्भ-मराठवाड्यात मेमध्ये दिवसाचं शिबिर घेणार असाल तर सकाळी सात ते दहाचंच बघा. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी चालणाऱ्या वर्गांना मी कुणालाही पाठवत नाही, प्रशिक्षक कितीही चांगला असो.

आणि मूल परत येईल तेव्हा फाटकाशीच "काय काय शिकलास?" म्हणून विचारू नका. घरी न्या, अंघोळ घाला, वरण-भात वाढा, झोपू द्या. दुसऱ्या दिवशी सॅक त्याच्याबरोबर बसून रिकामी करा. एकेक मळका कपडा बाहेर निघतो तसा त्या दिवसाचा किस्सा बाहेर येतो. त्यात एखाद्या मोठ्या माणसाचं नाव आल्यावर मूल गप्प झालं, तर हातातलं काम बाजूला ठेवा आणि तिथेच थांबून शांतपणे ऐका.