ओव्हरक्लॉकिंग करताना व्होल्टेज कुठे थांबवावे

ओव्हरक्लॉकिंग करताना, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जलद चालवताना, त्याला किती व्होल्टेज सुरक्षित आहे, याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. एका पिढीची चिप जे व्होल्टेज सहज पेलते, तेच दुसऱ्या पिढीच्या चिपला घातक ठरू शकते. शिवाय झीज एकट्या व्होल्टेजने होत नाही. व्होल्टेज, करंट आणि तापमान तिन्ही चढे असले, की चिपमधील सूक्ष्म धातुवाहिन्यांतले अणू हळूहळू सरकू लागतात आणि काही महिन्यांपूर्वी स्थिर चालणाऱ्या वेगालाच आता अधिक व्होल्टेज लागते.

म्हणूनच एएमडीच्या रायझन प्रोसेसरचा एखादा कोअर (स्वतंत्रपणे काम करणारा भाग) हलक्या कामात काही क्षण १.४५ व्होल्टपर्यंत गेलेला दिसला, तर घाबरण्याचे कारण नाही, कारण त्या वेळी करंट कमी असतो. मात्र तोच आकडा बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग प्रणालीत) सर्व कोअरसाठी कायम करून टाकणे हा शुद्ध अविचार आहे.

सुरुवातीला मूळ सेटिंगवर सिनेबेंच ही प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी चालवून, पूर्ण भार असतानाचे व्होल्टेज आणि तापमान एचडब्ल्यूइन्फो या सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पाहून नोंदवून ठेवावे. पुढची प्रत्येक तुलना या नोंदीशी करायची आहे. त्यानंतर व्होल्टेज न बदलता मल्टिप्लायर (मूळ क्लॉकला ज्या आकड्याने गुणून वेग ठरतो तो) एकेक पायरी, म्हणजे साधारण १०० मेगाहर्ट्झने, वाढवावा आणि चाचणीत त्रुटी आली तरच व्होल्टेज ०.०१ ते ०.०२ व्होल्टने चढवावे. पुढच्या १०० मेगाहर्ट्झसाठी ०.०५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक मागितले जाऊ लागले, की तापमान आटोक्यात असले तरी माझ्या मते तिथेच थांबावे. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, १.२५ वरून १.४० व्होल्टवर गेल्यास त्याच वेगाला सुमारे २५ टक्के अधिक उष्णता निर्माण होते, आणि वाढलेल्या वेगाची भर वेगळीच.

लोड लाइन कॅलिब्रेशन, म्हणजे भाराखाली व्होल्टेज किती घसरू द्यायचे हे ठरवणारी सेटिंग, हिच्याबाबत विशेष सावध राहावे. भार पडताच व्होल्टेज थोडे खाली येणे, हे मुद्दाम योजलेले असते. ही घट पूर्ण बंद करणारी सर्वांत कडक पातळी निवडल्यास भार अचानक सुटताना व्होल्टेज क्षणभर ठरवलेल्या मर्यादेच्या वर उसळते, आणि ही उसळी सॉफ्टवेअरच्या आलेखात दिसतही नाही. मधली पातळी पुरेशी असते.

कोअरव्यतिरिक्त इतर व्होल्टेजही तपासावीत. रॅमचे एक्सपो किंवा एक्सएमपी प्रोफाइल (रॅम जाहीर वेगाने चालवणारी तयार सेटिंग) सुरू केल्यावर काही मदरबोर्ड एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधील मेमरी नियंत्रक वगैरे भागांचे व्होल्टेज) आपोआप वाढवतात. २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीने एएम५ (या मालिकेच्या सॉकेटच्या) मदरबोर्डवर या व्होल्टेजला १.३० व्होल्टची मर्यादा घातली. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरच्या झिजेनंतर ऑगस्ट २०२४ च्या मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांच्या अद्यतनाने) १.५५ व्होल्टवरील मागणी रोखली. या प्रोसेसरवर ओव्हरक्लॉकिंगला हात घालण्याआधी बायॉस अद्ययावत करून घ्यावे.